भोंगा वाजला की मी मुका

बोलतोय मी. रुग्णवाहिकेत चालकाच्या डाव्या गुडघ्याजवळ, दोन पट्ट्यांच्या मध्ये स्क्रूने आवळलेला जो काळा डबा दिसतो ना, तो मीच. लोक मला वायरलेस म्हणतात. शुद्ध भाषेचा सोस असलेले बिनतारी संच म्हणतात. नाव बिनतारी आणि आयुष्यभर जे भोगलं ते सगळं तारेपायी. ज्याने हे नाव ठेवलं त्याने एकदा माझ्या पाठीमागे हात घालून पाहायला हवा होता.

आजवर माझ्यातून शेकडो माणसं बोलली. माझं ऐकून घ्यायला मात्र कोणाला सवड झाली नाही, म्हणून आज जरा बोलून घेतो. मध्ये बोलू नका. तुम्हाला ते जड जाईल हे मला ठाऊक आहे. माणसाच्या जातीला मी चांगला ओळखून आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी टोप्या घातलेल्या मुली बसल्या होत्या. एकीने एक भाग बसवला आणि मला पुढे सरकवलं, दुसरीने दुसरा बसवला. शेवटच्या मुलीने माइकचं बटण दाबून ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, मग बटण सोडलं आणि कान देऊन बसली. बटण सोडून वाट पाहणारं हे माझ्या आयुष्यातलं पहिलं माणूस. असं दुसरं माणूस भेटायला मला बरीच वर्षं लागली.

माझा नियम एकच आहे आणि तो दुसरीतल्या पोरालाही कळावा इतका सोपा आहे. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबून ठेवलंत तर समोरचा काय म्हणतो ते तुम्हाला कळणार नाही. एवढं एक कलम पाळायला माणसांना काय त्रास होतो, ते मला अजून समजलेलं नाही. माइक हातात आला की माणूस आधी त्यात फुंकतो. मग ‘हॅलो हॅलो’ करतो. मग समोरचा जितका लांब असेल तितक्या मोठ्याने ओरडतो, जणू आवाज त्याच्या छातीच्या जोरावर डोंगर ओलांडणार आहे. मग मी काय करतोय तिथे?

पहिली नोकरी कालव्याच्या एका ठेकेदाराच्या जीपमध्ये झाली. सहा वर्षं माझ्यातून सिमेंटची चौकशी आणि आईबहिणीचा उद्धार यापलीकडे काही गेलं नाही. काम संपलं, जीप विकली गेली आणि मी गोदामातल्या फळीवर पडलो. तिथे एका पालीने माझ्या पाठीशी दोन अंडी घातली. शेजारीण म्हणून ती बरी होती, गरजेपुरतंच चुकचुकायची.

तिथून मला उचललं ते बबनरावांनी. बबनराव म्हणजे मेडशीच्या नवजागृती मित्रमंडळाचे अध्यक्ष. बाराही महिने पांढरे कपडे, आणि आवाज असा की त्यांनी बैलाला हाक मारली तर शेजारच्या शेतातले बगळे उडतात. मंडळाने रुग्णवाहिका घ्यायचं ठरवलं होतं. मेडशीहून अकोल्याकडे निघालं की घाट लागतो, आणि घाटात मोबाइलची रेंज जाते. आदल्या वर्षी एक गाडी रोग्यासकट तिथे बंद पडली होती आणि निरोप द्यायला माणसाला चालत यावं लागलं होतं. तेव्हा बबनरावांची बायको तुळसाबाई जेवण वाढता वाढता म्हणाली होती, “गाडी घेता तं घाटात बोलता येईन अशी घ्या.” चार दिवसांनी बबनरावांनी तेच वाक्य सभेत स्वतःच्या नावावर सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

परवाना आला. सेट दोन होते. मी गाडीत बसायचं आणि माझ्या जोडीदाराने मंडळाच्या ऑफिसातल्या टेबलावर. आता त्या टेबलाशी दिवसभर बसणार कोण? मंडळाच्या कार्यकारिणीत एकवीस माणसं होती आणि एकवीसही जणांना कामं होती. शेवटी ते गोमतीबाईवर आलं. गोमतीबाई ऑफिसची झाडलोट करायची, पाणी भरायची, चहा ठेवायची. साठीची बाई, शिक्षण चौथी. तिने दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

मला बसवायचं काम शेजारच्या, वाशिमकडच्या मालेगावच्या सैफुद्दीनकडे गेलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचं नाव होतं, पण दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरायचा. म्हणून दुकानातलं बारीक काम त्याची मुलगी फरहा करायची. आयटीआय झालेली, सव्वीस वर्षांची, बोलायला कमी. बापाने नुकतीच दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली होती. सैफुद्दीन आणि फरहा, ऑटो इलेक्ट्रिक. त्या पाटीवरून मालेगावात किती जणांनी किती दिवस चहा प्यायला, ते सांगायला नको.

गाडी मंडळाच्या आवारात उभी होती आणि भोवती पंधरा-वीस माणसं. हाताने काम करणारा एक आणि तोंडाने करणारे वीस, हा हिशेब मी कालव्यावरही पाहिला होता. फरहाने माझ्यासाठी बॅटरीपासून थेट दोन तारा ओढल्या, एक लाल, एक काळी. बॅटरीपाशीच फ्यूज घातला. पत्र्यातून तार जिथे आत येते तिथे रबराचं कडं बसवलं, म्हणजे हादऱ्याने तार कापायची नाही. बबनराव कमरेवर हात ठेवून पाहत होते.

“येवढी लांब तार कायले?” ते म्हणाले. “हारनची तार इथंच हाय, तिच्यातूनच घे ना.”

“तिच्यातून घेतलं तं हारन वाजवला की सेट मरीन, काका. ह्याले सोताचा रस्ता पाह्यजे. बॅटरीपासून सेटपर्यंत. मधात कोनी नाई.”

बबनरावांना ‘मधात कोनी नाई’ हे आवडलं नसावं. त्यांचं सगळं आयुष्य मधात राहण्यात गेलं होतं.

खरा गोंधळ झाला तो अँटेनावरून. फरहा टपावर चढली, मधोमध खडूने खूण केली आणि ड्रिल मागितलं.

“भोक पाडनार?” बबनराव म्हणाले. “कोऱ्या गाडीले? परवाच पूजा झाली तिची. आजून कुकू निघालं नाई.”

“काका, टपाच्या मधोमध लागते अँटेना.”

“आरशापाशी बांध कुठीतरी. नव्या गाडीले भोक पाडनं अपशकुन असते.”

“आरशापाशी बांधला तं अर्धा घाट बहिरा राहीन.”

वीसच्या वीस माणसांनी माना हलवल्या, अपशकुनाच्या बाजूने. ज्या गाडीत उद्या साप चावलेली आणि छातीत कळ आलेली माणसं झोपायची, तिला एका पेन्सिलीएवढ्या भोकाने अपशकुन होणार होता. मी खोक्यात पडून ऐकत होतो आणि मला गोदामातल्या पालीची आठवण येत होती.

मग खुर्चीवर बसलेला सैफुद्दीन म्हणाला, “बबनभाऊ, पोरीचं नाक टोचता तुमी. तवा घरात कोनी रडते का, पोरगी फुटली म्हून? उलटं म्हनता, नथ घालाले जागा झाली.”

दोघे-तिघे हसले. बबनराव हसले नाहीत, पण त्यांना वाटही सापडली. ते म्हणाले, “पाड मंग. पन घाटात सेट बोलला नाई तं?”

फरहा टपावरूनच म्हणाली, “तं दुकानावरची पाटी उतरवीन.”

सगळ्यांनी ते ऐकलं. नको तेवढं नेमकं ऐकू येतं माणसांना. सैफुद्दीनने थरथरता हात दुसऱ्या हातात धरला.

भोक पडलं. भोकाभोवतीचा रंग तिने पत्रा उघडा होईपर्यंत खरवडला, अँटेना आवळला, वरून रबरी टोपी आणि डिंकासारखं काळं लुकण लावलं. शेवटी माझ्या लाल तारेवर तिने पांढऱ्या पट्टीची चिठ्ठी चिकटवली आणि लिहिलं: फक्त वायरलेस. हात लावू नये. मग चालक मोहनसिंगने गाडी घाटात नेली. मोहनसिंग जवळच्याच तांड्यावरचा, शांत माणूस, नोकरी टिकवण्याची फार काळजी असलेला. घाटातल्या सगळ्यात खोल वळणावर त्याने बटण दाबून विचारलं, “मावशी, ऐकू येते का?” आणि सोडलं.

“येते, बाप्पा,” गोमतीबाई म्हणाली. “तू हळूच बोलला तरी येते. बोल.” आणि तिनेही सोडलं. तेव्हा मला टोपीवाल्या मुलीची आठवण झाली.

पावसाळाभर मी सुखात होतो. असं कबूल करायला मला लाज वाटते, पण होतो. रोगी गाडीत घातला की मोहनसिंग सांगायचा, गोमतीबाई तिकडून फोन करून दवाखान्याला कळवायची, आणि सगळं वहीत लिहायची. कोणी ओरडत नव्हतं, कोणी फुंकत नव्हतं. असं फार दिवस चालणार नाही हे मला कळायला हवं होतं.

दसरा आला. गाडीला हार घातले, माझ्या अँटेनाला लिंबू-मिरची लटकवली आणि वर एक झेंडाही बांधला. तेवढं मी सोसलं. पण त्याच दिवशी बबनरावांना साक्षात्कार झाला की शेजारच्या तालुक्यातल्या एका गाडीचा भोंगा आपल्या भोंग्यापेक्षा मोठा आहे.

“आपला तं बकरीवानी बेबाटते,” ते म्हणाले. “मंडळाची इज्जत काय राह्यली?”

लग्नात कर्णे लावणारा एक डीजेवाला बोलावला गेला. त्याने भोंग्याचं भलं मोठं यंत्र आणलं, बॉनेट उघडलं आणि चांगली जाड, तयार तार शोधू लागला. त्याला माझी सापडली. त्याने चिठ्ठी वाचली, मोठ्याने वाचली, आणि हसला. ‘हात लावू नये’ वाचल्याशिवाय माणसाचा हात शिवशिवत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

मोहनसिंग म्हणाला, “फरहाताईनं लिवलं हाय ना तिथं.”

“बॅटरी एकच हाय ना?” बबनराव म्हणाले. “मंग तार का तिच्या एकटीच्या बापाची हाय? जोड रे.”

मोहनसिंग गप्प बसला. डीजेवाल्याने माझी तार कापली, तीन टोकं एकत्र पिळली, वरून टेप गुंडाळली आणि खिशातून तंबाखू काढली. काम झालं होतं.

भोंग्याने पहिला सूर काढला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला मध्येच दुसरा पाइप जोडला तर खालच्या वाफ्याला पाणी पोचतं का? तसंच हे. भोंग्याची भूक मोठी, जोड कच्चा. तो ओरडायला लागला की माझ्यापर्यंत काही उरायचं नाही आणि मी बंद. तो थांबला की मी पुन्हा चालू, दिवा हिरवा, जसं काही झालंच नाही. गाडीतलं बोलणं मला ऐकू यायचं, पण हवेतलं काही नाही.

आणि भोंगा थांबणार कधी? रोगी असला तर वाजायचाच, पण बबनरावांना वाशिमला बैठकीला जायचं असलं तरी वाजायचा. शिरपूरला लग्न होतं, तेव्हाही वाजला. रस्त्यावरची माणसं बाजूला सरायची, म्हातारे काठी टेकत कडेला व्हायचे, आणि आत गाडीत अध्यक्ष साहेब आरशात पाहून फेटा नीट करत असायचे.

ही गोष्ट ओळखली ती एकट्या गोमतीबाईने. ऑफिस रस्त्यालाच होतं. भोंगा वाजत गाडी निघायची, ती माइकवर हाक मारायची, उत्तर नाही. भोंगा थांबला की उत्तर यायचं. तिने वहीत लिहायला सुरुवात केली: भोंगा सुरू, सेट बंद. भोंगा बंद, सेट सुरू. अशा अकरा नोंदी झाल्यावर तिने बबनरावांना वही दाखवली.

“मावशी,” ते वहीकडे न पाहता म्हणाले, “तुमी चहा ठेवा.”

तिने चहा ठेवला.

मग सोयाबीनची सोंगणी आली. तुळसाबाई शेतात होती. अध्यक्षाची बायको असली तरी कापलेल्या पिकाच्या सुडीवरची ताडपत्री ती स्वतः काढायची, मजूर टोकं फाडतात म्हणून. ताडपत्रीखाली घोणस होती. उजव्या हाताला चावली. मेडशीच्या दवाखान्यात पहिलं इंजेक्शन दिलं, पण हात मनगटाच्या वर सुजत चालला होता, म्हणून तिथल्यांनी अकोल्याला हलवायला सांगितलं. बबनराव तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसले. त्यांचा मोबाइल धावपळीत शेतातच राहिला होता.

“लाव भोंगा,” ते म्हणाले. मोहनसिंगने लावला, आणि मी गेलो.

पुढचं मला माझ्या जोडीदाराकडून कळलं. गाडी निघून दोन मिनिटं झाली नसतील, तोच अकोल्याकडे गेलेली एसटी मागे फिरून स्टँडवर आली. वाहक सांगत होता, घाटात ट्रक आडवा झालाय, रस्ता बंद. गोमतीबाईने माइक उचलला. “मोहनसिंग, घाटात जाऊ नको. वाशिमले ने.” बटण सोडलं, वाट पाहिली. पुन्हा दाबलं. मग तिने त्याच्या मोबाइलवर दोनदा फोन लावला. मोबाइल त्याच्या खिशात वाजत होता, मला ऐकू येत होता, पण टपावर तो राक्षस बोंबलत असताना त्याला कुठून ऐकू येणार? गाडी तेव्हा घाटाच्या पायथ्याशीही नव्हती. दोन मिनिटांत वळून वाशिमच्या रस्त्याला लागली असती. मी गुडघ्याएवढ्या अंतरावर होतो आणि मढ्यासारखा पडून होतो.

घाटात गाड्यांची रांग लागली होती. भोंगा ऐकून लोक भल्या मनाने सरकले, वाट करून दिली. त्या भोंग्याच्या जोरावर आम्ही रांगेच्या अगदी पुढे, आडव्या ट्रकच्या चाकांपर्यंत पोचलो, आणि मागून रांग पुन्हा मिटली. आता पुढेही जाता येईना आणि मागेही. इतकी इज्जत मंडळाला आधी कधी मिळाली नव्हती.

दहा मिनिटांनी मोहनसिंगने कंटाळून भोंगा बंद केला. मी जागा झालो आणि गाडीत गोमतीबाईचा आवाज भरला. घसा बसलेला होता. “मोहनसिंग, बाप्पा, बोल ना आता. काहून बोलून नाई राह्यला? घाटात जाऊ नको रे.”

बबनरावांनी मागच्या खिडकीतून हात घालून माइक ओढला. “आधी काहून नाई सांगतलं?” ते ओरडले. “सांगता येत नव्हतं? तिथं कायले बसवलं तुमाले?” आणि ते ओरडतच राहिले, अंगठा बटणावर दाबून. गोमतीबाई तिकडून उत्तर देत होती, पण ते येणार कुठून? तुळसाबाई डोळे मिटून सगळं ऐकत होती. शेवटी मोहनसिंगने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. एवढं धाडस त्याने त्याआधी कधी केलं नव्हतं.

मग कामं झाली, कारण आता बोलणारे दोघंही बटण सोडत होते. गोमतीबाईने पोलिसांना फोन केला, गावातून दोन ट्रॅक्टर पाठवले, वाशिमच्या दवाखान्याला तयारी करायला सांगितलं. रांग मागून एकेक करत मोकळी झाली. पण घाटात दीड तास गेला होता. तुळसाबाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

आता दोष कोणाच्या तरी माथी मारायला हवा होता, नाहीतर तो घरी यायचा. मंडळाच्या बैठकीत बबनराव उभे राहिले आणि म्हणाले, “सेट ऐन वक्ताले मुका झाला. मी तवाच म्हनत होतो, भोक पाडू नका. अन् पोरीच्या हातचं काम.” एकवीस माना हलल्या. मालेगावला निरोप गेला की बोलल्याप्रमाणे पाटी उतरवा.

फरहा मेडशीला आली. “काका, फक्त डॅशबोर्ड उघडू द्या. पाच मिन्टं.”

“आता कायले उकरतं?” बबनराव म्हणाले. “माह्या बायकोची बोटं परत येनार हायत का?”

मोहनसिंग तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं. गोमतीबाई वही घेऊन पुढे झाली, तर कोणीतरी म्हणालं, मावशी, तुमाले त्यातलं काय समजते. मी हिरवा दिवा लावून बसलो होतो. ज्याचं सगळं काम बोलण्याचं, त्यालाच साक्ष देता येईना. फरहा परत गेली. आठवडाभरात तिच्या दुकानातून चार गाड्या काम अर्धवट सोडून दुसरीकडे नेल्या गेल्या. सैफुद्दीनने शिडी आणून भिंतीला लावली. हात थरथरत होता म्हणून पाटी त्याला काढता येईना, आणि पोरीला काढू देववेना. शिडी तशीच टेकलेली राहिली.

तीन आठवड्यांनी तुळसाबाई घरी आली. गावातल्या बायका भेटायला येत होत्या, गोमतीबाईही गेली आणि जाताना वही घेऊन गेली. एकवीस जणांनी न उघडलेली ती वही तुळसाबाईने डाव्या हाताने पान न् पान वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक भरली होती, तेव्हा ती आवारात आली. येण्याआधीच मालेगावला निरोप धाडून बापलेकीला बोलावून घेतलं होतं. बांधलेला हात पदराखाली धरून ती चालकाशेजारच्या जागेवर चढली. बबनराव पायरीवरून म्हणाले, “आराम करायचा सोडून इकडे काय काम हाय?”

“मोहनसिंग, भोंगा लाव,” ती म्हणाली.

भोंगा वाजला. माझा हिरवा दिवा विझला.

“बंद कर.”

दिवा लागला.

“लाव.” विझला. “बंद कर.” लागला. तिसऱ्या वेळी सगळे गाडीच्या दाराशी गोळा झाले होते. मेडशीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

“पाह्यलं?” तुळसाबाई नवऱ्याला म्हणाली, अगदी हळू. “तुमचा आवाज चालू असला की बाकीचे मुके होतात. घरातबी असंच हाय.”

फरहाने बॉनेट उघडलं. लाल तारेवर तिच्या हातची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, आणि तिथून चार बोटांवर तो पिळलेला, टेप गुंडाळलेला जोड. तिने त्याला हात लावला नाही. एकेकाला बोलावून फक्त दाखवला.

मोहनसिंग म्हणाला, “मी पाह्यलं होतं, काकू. जोडला तवा मी इथंच उभा होतो. बोललो नाई.”

“मालूम हाय,” तुळसाबाई म्हणाली. “मीबी तीस वर्सं बोलली नाई.”

बबनरावांनी खाकरून घसा साफ केला. “बरं. झालं ते झालं. घे पोरी, जोडून दे आता.”

“जोडते, काका,” फरहा म्हणाली. तिने नवी तार काढली, डीजेवाल्याचा जोड कापून फेकला, मला माझा रस्ता परत दिला आणि भोंग्याला त्याची वेगळी तार. अर्धा तास सगळे उभे राहून पाहत होते, आणि या वेळी सल्ला कोणी दिला नाही. काम झाल्यावर तिने माइक बबनरावांपुढे धरला. “तुमीच तपासा, काका. मावशी बसल्या हायत तिकडे.”

माइक हातात आला आणि बबनरावांना धीर आला. त्यांनी फुंकलं. मग बटण दाबून ते बोलू लागले. काही तांत्रिक कारणांमुळे गैरसमज झाला होता, तो आता दूर झाला आहे, मंडळ नेहमीच सेवेला तत्पर राहिलं आहे, आणि असंच तीन मिनिटं. फरहाचं नाव त्यात कुठेही नव्हतं. अंगठा बटणावर घट्ट होता. सैफुद्दीन खाली मान घालून ऐकत होता.

“बोट उचला,” तुळसाबाई म्हणाली.

त्यांनी उचललं. लगेच माझ्यातून गोमतीबाईचा आवाज आला, नेहमीसारखाच, चहा झाला म्हणून सांगावं तसा. “बबनराव, सगळं ऐकू आलं. माफी मागायची तेवढी राह्यली.”

बबनरावांनी पुन्हा बटण दाबलं, आणि मी त्यांचा श्वास पलीकडे पोचवत राहिलो. मग ते म्हणाले, “चुकलं, फरहा. माहीच चूक हाय.” आणि बटण सोडलं. कोणी न सांगता सोडलं.

मला त्यांचं फार कौतुक नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पाच शब्द बोलून अंगठा उचलला, यात ओवाळण्यासारखं काय आहे? पण त्याच दुपारी ते मालेगावला गेले आणि सैफुद्दीनच्या भिंतीला टेकलेली शिडी स्वतः उचलून आत ठेवून आले. पाटी जागेवरच आहे. दोन नावांची.

मी अजून इथेच आहे, चालकाच्या गुडघ्याजवळ. माझ्या चेहऱ्यावरचे आकडे झिजलेत, माइकची पिळाची दोरी सैल झालीय, आणखी चार-दोन वर्षांत कोणी नवा आला की मी परत फळीवर जाईन. भोंगा टपावर आहेच. तो कोणी काढला नाही, कोणी काढणारही नाही. त्याच्याशी माझं आता भांडण नाही, त्याची तार वेगळी आणि माझी वेगळी. गोमतीबाईची तिसरी वही चालू आहे. आता ती बैठकीत वाचली जाते, आणि चहा ज्याचा त्याने घ्यायचा असतो.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. मोठं मागितलं तर तुम्ही त्यासाठी समिती नेमाल. तुमच्या घरात, ऑफिसात, गावात कोणीतरी कोपऱ्यात वही घेऊन बसलेलं असेल, आणि त्याला तुम्ही आजच चहा ठेवायला सांगितलं असेल. अंगठा जरा उचला आणि ते काय म्हणतंय ते ऐका. घाट लागायच्या आधी ऐकलंत तर बरं.

माझं सांगून झालं. मी बटण सोडतोय. तुम्हाला जमतं का बघा.